लायनिंगच्या दुकानापासून भाड्याच्या पेटीपर्यंत

वाईत, पसरणी घाटाच्या पायथ्याशी ब्रेकचं दुकान चालवायचं तर जाहिरातीची गरज नाही. पाचगणीहून न्यूट्रलमध्ये उतरलेली गाडी करपट वासासकट आपसूक दारात येते. वडिलांच्या वेळी काम लायनिंगचं, म्हणजे ब्रेकच्या शूवर बसणाऱ्या घासणाऱ्या थराचं होतं. अँबॅसिडर, पद्मिनी, जीप, टेम्पो यांचे शू उतरवायचे, जुनं लायनिंग छिन्नीनं काढायचं आणि नवं रिव्हेट ठोकून बसवायचं. पुढच्या चाकाला डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी असलेल्या गाड्या वाढल्या तसं ते काम आटत गेलं आणि आम्ही तिला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड विकायला आणि बसवायला लागलो. मधली वर्षं बरी गेली, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

मग हायवेच्या बाजूला एक चकचकीत सर्व्हिस सेंटर उघडलं. नाव घेत नाही, वाईकरांना सांगायला नको. 'ब्रेक तपासणी मोफत' असा बोर्ड लागला आणि तपासलेल्या जवळजवळ प्रत्येक गाडीची डिस्क 'गेलेली' निघायला लागली. वर आमचा माल डुप्लिकेट असल्याची आवई उठली. आमचे दोन्ही फिटर जास्त पगारावर तिकडे गेले. त्यांचा राग नाही, घर त्यांनाही आहे. राग त्या डिस्कच्या धंद्याचा आहे. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, बहुतेक ठिकाणी 'मिन टीएच' आणि पुढे मिलिमीटरचा आकडा. ती मोजायची मायक्रोमीटरनं, कडेच्या गंजलेल्या उंचवट्याच्या आत, तीन-चार जागी. व्हर्नियर लावला तर जबडे त्या उंचवट्यावर अडकतात आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दिसते. आकडा किमान जाडीच्या वर असेल, खोल चरे आणि तडे नसतील, तर डिस्क राहू द्या. पेडल थरथरतं म्हणून 'डिस्क वाकली' असं सरसकट सांगतात, त्यावरही विश्वास ठेवू नका. बऱ्याचदा घाट उतरून तापलेली गाडी ब्रेक दाबून उभी ठेवल्यामुळे पॅडचा थर एका जागी चिकटलेला असतो.

२०२० च्या मार्चमध्ये सगळंच बंद झालं. पाचगणीला माणूस नाही, घाटात गाडी नाही, दुकानाचं शटर खाली. पुढे थोडी मोकळीक मिळाली तेव्हा लोक गॅरेजमध्ये यायला बिचकत होते आणि फोनवर विचारत होते, 'घरी बदलता येतील का?' येतात. पुढच्या चाकाचे पॅड ज्याला स्टेपनी लावता येते त्याला बदलता येतात, हत्यारं बरोबर हवीत. तेव्हा आम्ही एक लोखंडी पेटी भरली आणि पॅडच्या सेटबरोबर अनामत घेऊन द्यायला लागलो. त्या पेटीनं दुकान तगवलं.

पेटीत काय असतं ते नीट सांगतो, कारण आता नकला निघाल्यात. दोन जॅक-स्टँड, चाकाला अडवायचे दोन ठोकळे, १२, १४, १७ आणि १९ चे सॉकेट, टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानंच आवळणारा), मोठा सी-क्लॅम्प (स्क्रूनं दाबणारा शिकंजा), तारेचा ब्रश, ब्रेक क्लीनरचा डबा, सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब, सुई नसलेली सिरिंज, जाड तारेचा हूक, मास्क. सिलिकॉनच का? पॅड दाबणारा कॅलिपर ज्या पिनेवर सरकतो, तिच्यावरच्या रबराला साधं पिवळं ग्रीस फुगवतं आणि पिन तिथंच धरून बसते. धूळ हवेच्या फवाऱ्यानं उडवायची नाही, क्लीनरनं ओली करून पुसायची. जुन्या मालात ॲस्बेस्टॉस असायचं. वडिलांच्या पिढीनं ते फुंकून उडवलं, तुम्ही उडवू नका.

काम सपाट जागेवर करायचं. हँडब्रेक ओढा, बहुतेक गाड्यांत तो मागच्याच चाकांना लागतो; पहिला गिअर टाका आणि मागच्या चाकांना ठोकळेही लावा. नट गाडी उचलण्याआधी ढिले करा, नाहीतर चाक हवेत फिरतं. जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही, स्टँड लागला पाहिजे. दोन्ही चाकं एकदम उघडू नका. एक पूर्ण होईपर्यंत दुसरं जसंच्या तसं राहू द्या, क्लिप कशी बसते ते विसरलात तर तिथं बघता येतं.

कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला की बहुतेक छोट्या गाड्यांत कॅलिपर वरच्या पिनेवर फिरून उघडतो. पूर्ण काढावा लागला तर हुकानं चाकामागच्या स्प्रिंगला टांगा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका. कॅलिपर उघडा असताना कुणालाही पेडल दाबू देऊ नका, त्यातला पॅड ढकलणारा पिस्टन बाहेर येईल आणि मग पेटी परत करून गाडी टो करून आणावी लागेल. पिस्टन मागे ढकलायचा तो जुना पॅड मध्ये ठेवून, सी-क्लॅम्पनं, सावकाश. त्याआधी टाकीतलं थोडं ब्रेक ऑइल सिरिंजनं काढून घ्या, नाहीतर ते वर चढून सांडतं आणि रंग खातं. काढलेलं परत ओतायचं नाही, फेकायचं. नवं भरायचं ते टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचं, डॉट ३ किंवा डॉट ४. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ चा उकळबिंदू नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस आणि पाणी शोषल्यावर १४० पर्यंत खाली येऊ शकतो. पसरणी उतरताना तापलेलं ऑइल उकळून पेडल का बसतं, हे त्या दोन आकड्यांत आहे.

जुने पॅड टाकण्याआधी एकमेकांशेजारी ठेवून बघा. हे आम्हाला पाचगणीच्या एका टॅक्सीवाल्यांनी लावलेलं वळण. आम्ही त्यांना मामा म्हणतो. सर्व्हिस सेंटरच्या मोफत तपासणीच्या दिवसांतही मामा इथंच यायचे. गाडीच्या कप्प्यात एक वही, त्यात चारही पॅडची जाडी किलोमीटरसह. एकदा त्यांनी काउंटरवर दोन पॅड ठेवले. बाहेरच्यावर ६ मिलिमीटर माल, म्हणजे घासणारा थर शिल्लक, आतला जवळजवळ मागच्या पत्र्याला टेकलेला. मामा म्हणाले, 'पॅड नको, आधी पिन बघ.' खालची सरकपिन गंजून अडकली होती. नवे पॅड घातले असते तर तेही तसेच गेले असते. पॅड तिरका झिजला असेल तर तो बहुधा ब्रॅकेटच्या, म्हणजे पॅड धरणाऱ्या चौकटीच्या खाचेत अडकतोय. गंज ब्रशनं साफ करा, पॅडचे कान (खाचेत बसणारी टोकं) बोटानं सरकले पाहिजेत, कानशीनं घासून ढिले करू नका. झिजल्यावर कुईऽ करणारी पट्टी बहुतेकदा आतल्या पॅडला असते, ती जुन्याला जिथं होती तिथंच आली पाहिजे. मालाची जाडी ३ मिलिमीटरवर आली की बदला आणि बदलताना चारही.

बोल्ट टॉर्क पान्यानं, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यावर आवळा. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमानं, शेवटचं आवळणं गाडी जमिनीवर आल्यावर. मग गाडी सुरू करण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबा. पहिले दोन-चार दाब थेट तळाला जातात, ही पायरी विसरलेला माणूस गाडी कंपाउंडच्या भिंतीला लावतो. पुढे मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी ५० वरून १० वर, आठ-दहा वेळा, मध्ये थंड व्हायला अंतर देत. पूर्ण थांबायचं नाही. त्याच दिवशी महाबळेश्वरला निघू नका. आणि घाटात दुसरा गिअर वापरा हो, पॅड आमचे असले तरी डोंगर तोच आहे.

पिस्टनचं रबर फाटलंय, पिस्टन मागे जात नाही, नळीला चिरा आहेत किंवा चाकाच्या आतून ऑइल गळतंय, तर घरी हात लावू नका. गाडी चालवूनही आणू नका, फोन करा.

आता त्या सर्व्हिस सेंटरनंही घरपोच पेटी काढलीये. आमच्यापेक्षा शंभर रुपयांनी स्वस्त, वर स्टिकर आणि टोपी. आम्ही एका गिऱ्हाइकाकडून मागून घेऊन उघडून बघितली. टॉर्क पाना नाही, ट्यूबमध्ये पिवळं ग्रीस आहे, आणि स्टँड एकच.