किट घेतलं, पुढे काय झालं?

रविवार, रात्री उशिरा

आज संध्याकाळी आमच्या इलेक्ट्रॉनिक्स डिझाइन कॉन्टेस्टची मुदत संपली आणि जेवढे किट्स वाटले त्याच्या निम्मेसुद्धा प्रोजेक्ट आले नाहीत. राग येतोय, वाईटही वाटतंय, आणि झोप येत नाहीये म्हणून लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, ही कॉन्टेस्ट म्हणजे काय तर लोक आधी प्रपोजल पाठवतात, मी अमुक बनवणार, त्यासाठी मला तमुक लागेल, त्यातले काही आम्ही निवडतो, त्यांना किट फुकट मिळतं, आणि त्या बदल्यात त्यांनी काम करता करता अधूनमधून काय चाललंय ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहायचं आणि शेवटी चालू प्रोजेक्ट दाखवायचा. बाहेरच्या देशांत मोठ्या कंपन्या अशा कॉन्टेस्ट वर्षानुवर्षं घेतायत, आमची तर कोथरूडमधल्या हौशी लोकांची छोटीशी, एका ओळखीच्या डीलरने सामान दिलं म्हणून जमलेली. यंदा विषय पाण्याचा होता. जुलै २०२४ मध्ये खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकता नगरीत घराघरांत पाणी शिरून काय झालं ते पुण्यात कुणाला सांगायला नको, म्हणून म्हटलं नाला, ओढा, सोसायटीची टाकी, शेतातली विहीर, काहीही घ्या पण पाण्याची पातळी मोजा आणि ती दूर कुणाला तरी कळवा. किटमध्ये ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर), आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक सेन्सर, लांबवर रेडिओने संदेश पाठवणाऱ्या लोरा मॉड्यूलची जोडी, बॅटरी होल्डर, बारीकसारीक वायरी वगैरे.

प्रपोजल वाचताना मला इतका आनंद झाला होता! एकाला गावच्या बंधाऱ्यावर बसवायचं होतं, एका काकांना सोसायटीतल्या टँकरचा हिशोब ठेवायचा होता, कुणी मुठा नदीवरचा भिडे पूल पाण्याखाली जायच्या आधी मोबाइलवर इशारा देणार होतं. किट हातात पडल्यावर पहिल्या आठवड्यात सगळे फोटो टाकतात, खोका, खोक्याच्या आतलं, टेबलावर ओळीने मांडलेलं, खाली "लवकरच अपडेट देतो". आणि त्यानंतर बऱ्याच जणांचं काहीच नाही. मेसेज केला तर निळ्या टिका येतात, उत्तर येत नाही.

आमच्या ग्रुपमधल्या एका ज्येष्ठ काकांचं म्हणणं सरळ आहे, फुकट ते पौष्टिक, लोकांना फुकटाची किंमत नसते, पुढच्या वेळी हजार रुपये डिपॉझिट घ्या, प्रोजेक्ट दिला की परत. मी त्यांच्याशी आज तासभर फोनवर वाद घातला. त्यांची बाजू अगदीच पोकळ नाही हे मला मान्य आहे. १९८५ साली आर्क्स आणि ब्लूमर या दोघांनी अमेरिकेत एका युनिव्हर्सिटी थिएटरच्या सीझन तिकिटांवर एक प्रयोग केला होता, काहींना पूर्ण किमतीत तिकीट दिलं, काहींना न मागता सवलत दिली, आणि पूर्ण पैसे भरलेले लोक सवलतवाल्यांपेक्षा जास्त नाटकांना आले. काका म्हणाले बघ, मी हेच सांगतोय. पण त्याच प्रयोगात पुढची गोष्ट आहे, हा फरक सीझनच्या पहिल्या अर्ध्यातच दिसला, दुसऱ्या अर्ध्यात तो विरून गेला. आणि आपली माणसं सुटतात ती नेमकी दुसऱ्या अर्ध्यात.

शिवाय दुसरा अभ्यास मला जास्त जवळचा वाटतो. कोहेन आणि डुपा यांचा, २०१० मध्ये छापला गेलेला, केनियातल्या दवाखान्यांत गरोदर बायकांना मच्छरदाण्या द्यायचा. काही ठिकाणी फुकट, काही ठिकाणी थोडे पैसे घेऊन. ज्यांना फुकट मिळाली त्या बायका मच्छरदाणी कमी वापरत होत्या असं काही आढळलं नाही. पण किंमत शून्यावरून साधारण साठ अमेरिकी सेंटवर नेली तर घेणाऱ्यांचं प्रमाण साठ टक्के बिंदूंनी पडलं. म्हणजे पैसे लावले तर बेफिकीर माणूस गळेलच असं नाही पण ज्याच्याकडे पैसे नाहीत तो नक्की गळतो. आता मच्छरदाणी टांगायला एक संध्याकाळ लागते आणि प्रोजेक्टला महिने, हे मला कळतं, दोन्ही एक नाहीत. तरीही डिपॉझिट म्हटलं की माझ्या डोळ्यापुढे पहिली येते ती सांगलीकडची पॉलिटेक्निकची मुलगी.

तिच्याबद्दलच खरं तर लिहायचं होतं मला. तिचं प्रपोजल शेवटच्या गाळणीत गळलं. वाईट नव्हतं, उलट साधं आणि नेमकं होतं, विहिरीत पाणी किती आहे ते कळलं तर रात्री लाइट आल्यावर वडिलांना शेतात मोटर चालू करायला उगाच जावं लागणार नाही, एवढंच. भाषा मोडकीतोडकी, ब्लॉक डायग्राम हाताने काढलेला. तिच्यापुढे ज्याला किट मिळालं त्याचं प्रपोजल देखणं होतं, स्लाइड्स, आयकॉन, एआय, क्लाउड, सगळं. त्याचं खोक्याच्या फोटोनंतर एक अक्षर आलेलं नाही. तिने मात्र निवड न झाल्यावरही मेल केला होता, "मॅडम, एखादं किट उरलं तर सांगाल का?" उरलंच नव्हतं. आणि आज बघतेय तर पुण्यातच कुठल्या कुठल्या कपाटांत किट्स पडून आहेत.

लग्नाच्या पंगतीत पान वाढून घ्यायचं आणि न जेवता उठून जायचं, तेही मागे लोक ताटकळत उभे असताना, तसं आहे हे. अन्न वाया गेलं हे एक, पण त्या जागेवर दुसरं कुणी बसलं असतं ना. किटच्या किमतीचं मला खरंच एवढं दुःख नाही. डीलरनेही विचारलं नाही.

आता सोडून देणाऱ्यांची बाजूही मला माहितीये, कारण त्यातल्या काहींशी मी स्वतः बोलले. आळशी म्हणून सोडलेले फार थोडे. बहुतेक जण एका ठिकाणी अडकले आणि त्यांना वाटलं आपल्यालाच जमत नाहीये. एक मुलगा, सेकंड इयरचा, त्याने किटमधल्या सेन्सरसोबत मातीतल्या ओलाव्याचा सेन्सरही जोडला, यूएसबीवर सगळं छान चालायचं, वायफाय चालू केलं की त्या ओलाव्याचं रीडिंग गंडायचं. तीन वेळा सेन्सर बदलला बिचाऱ्याने. सेन्सर ठीकच होता! ईएसपी३२ मध्ये एडीसीचे, म्हणजे सेन्सरच्या व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाचे, दोन गट आहेत आणि वायफाय चालू असताना दुसऱ्या गटातल्या पिनांवर ॲनालॉग रीडिंग नीट घेता येत नाही, त्याने लावली होती पिन नंबर ४, ती दुसऱ्या गटातली. वायर काढून ३२ ते ३९ मधल्या एखाद्या पिनेला लावायची, काम संपलं. पाच मिनिटांचा उपाय आहे, पण कुणी सांगितलं तर. तो कुणाला विचारायला लाजला, मग परीक्षा आल्या, मग इतके दिवस गप्प राहिलो आता काय तोंड दाखवू असं झालं. हे शेवटचं वाक्य मला जवळपास प्रत्येकाकडून ऐकायला मिळालं.

दुसऱ्या एकाचं लोरावर अडलं. त्याने किटमधलं मॉड्यूल नीट चालेना म्हणून नातेवाइकाकडून अमेरिकेहून दुसरं मागवलं, ते ९१५ मेगाहर्ट्झचं. आपल्याकडे बिनपरवाना वापरायचा पट्टा ८६५ ते ८६८. अँटेना त्या हिशोबाची नाही, सेटिंग बदलली तरी रेंज मिळेना, आणि न बदलता वापरणं नियमात बसत नाही. तिसऱ्याला वॉटरप्रूफ सेन्सर टाकीच्या झाकणाला लावून टाकी भरल्यावर उलटसुलट आकडे येत होते, कारण तो सेन्सर साधारण वीस सेंटिमीटरपेक्षा जवळचं मोजतच नाही, टाकी काठोकाठ भरली की पाणी त्या आंधळ्या पट्ट्यात येतं. झाकणापासून सेन्सर थोडा वर उचलून बसवावा लागतो.

आता मला सांगा, ह्या तिघांनी एवढंच जरी लिहिलं असतं, की मी हे करायला गेलो, इथे अडलो, तर किती जणांचे किती आठवडे वाचले असते? मी स्वतः एडीसीची ती भानगड शिकले ती कुणाच्या तरी अर्धवट सोडलेल्या प्रोजेक्टच्या नोंदीतूनच, त्या माणसाने पूर्ण केलं नव्हतं पण कुठे थांबला ते प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं. जिंकलेल्या प्रोजेक्टमध्ये असल्या गोष्टी सापडत नाहीत, तिथे सगळं पहिल्या फटक्यात चालल्यासारखं दिसतं.

इस्रायलच्या स्पेसआयएल या खासगी संस्थेचं उदाहरण मी मुलांना नेहमी देते. गुगलने पैसे दिलेली चंद्रावर उतरायची ती मोठी स्पर्धा २०१८ मध्ये कुणीही न जिंकता संपली, तरी ह्यांनी काम थांबवलं नाही, एप्रिल २०१९ मध्ये त्यांचं यान चंद्रापर्यंत पोचलं आणि उतरताना आदळलं. जगासमोर, लाइव्ह. आणि काय बिघडलं तेही त्यांनी सगळ्यांना सांगितलं. आपल्याला तर टाकीतलं पाणी मोजायचं होतं, त्यात लाजण्यासारखं काय आहे!

म्हणून माझं मत पक्कं झालंय, प्रोजेक्ट पूर्ण न होणं हा गुन्हा नाही. नोकरी जाते, घरात आजारपण येतं, सेमिस्टर अंगावर येतं, होतं सगळ्यांचं. गप्प बसणं मात्र वाईट, कारण त्याने किट अडकतं, माहिती अडकते, आणि रांगेतलं दुसरं माणूस अडकतं. "मी थांबतोय, बोर्ड घेऊन जा", एवढी एक ओळ. ती लिहिणाऱ्याला कुणी रागवणार नाही.

आणि आयोजक म्हणून आपण ती ओळ लिहायला जागाच ठेवत नाही हेही खरंय. फॉर्ममध्ये दोनच गोष्टी, प्रपोजल आणि फायनल. बक्षिसं सगळी फायनलला. प्रपोजलमध्ये जो जास्त मोठं स्वप्न रंगवतो त्याला किट मिळतं, मग तेच स्वप्न त्याच्या उरावर बसतं. काकांना मी फोनवर हेच सांगत होते की डिपॉझिट नको, पण किट द्यायच्या आधी छोटंसं काम द्या. वोक्वीसारखा सिम्युलेटर ब्राउझरमध्ये फुकट चालतो, त्यावर ईएसपी३२ आहे, अल्ट्रासॉनिक सेन्सर आहे, काही विकत न घेता अंतर मोजून दाखवता येतं. सांगलीची मुलगी कॉलेजच्या लॅबमध्ये बसून ते एका दुपारात करेल, आणि ज्याला फक्त खोक्याचा फोटो हवाय तो तिथेच थांबेल. मग किट दिल्यावर मधल्या टप्प्यावर फोन करायचा, मेल नाही, फोन, "काय रे, कुठे अडलंय?" असा. आणि एक बक्षीस अर्धवट राहिलेल्या पण नीट लिहिलेल्या प्रोजेक्टला. काका त्यावर हसले नाहीत, "बक्षिसाचं बघू" म्हणाले, सिम्युलेटरचं मात्र लगेच पटलं त्यांना. डिपॉझिटवर अजून अडून आहेत, बुधवारच्या मीटिंगमध्ये परत वाद होणार आहे आणि मी घालणार आहे.

तोपर्यंत मुदत अजून तीन आठवडे वाढवूया असं मी ग्रुपवर टाकलंय, अर्धवट असलं तरी चालेल अशा सूचनेसह. आणि जे गप्प आहेत त्यांना उद्या सकाळी मेसेज जाणार, तो आत्ताच लिहून ठेवतेय:

"नमस्कार, प्रोजेक्टचं विचारत नाहीये. किट वापरात आहे का एवढंच कळवा. अडलं असेल तर कुठे अडलं ते दोन ओळीत लिहा, फोटो असला तर बरं, मी किंवा ग्रुपमधलं कुणीतरी फोन करेल. पुढे करायचं नसेल तर तसं सांगा, कारण विचारणार नाही. शनिवारी मी तपकीर गल्लीत सामान घ्यायला जाणार आहे, बोर्ड तिथे आणून दिला तरी चालेल, नाहीतर पत्ता पाठवा, मी येऊन घेऊन जाईन. एका मुलीला द्यायचाय, तिच्या विहिरीसाठी."