दोन ‘तो’ आणि एक तंबोरा : पाचव्या महिन्याची नोंद

मी लिहीत असलेल्या गोष्टीची पावसाळा संपेपर्यंत सात प्रकरणं होतील असं मागच्या नोंदीत म्हटलं होतं. पाच झाली. सहावं दोनदा लिहिलं, दोनदा काढून टाकलं. आत्तापर्यंत साधारण अठरा हजार शब्द हाताशी आहेत आणि त्यातल्या चौदा हजारांवर माझा जीव आहे.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. गोष्ट मिरजेची, दोन पुरुषांच्या प्रेमाची. अल्ताफ तंबोरे बनवणाऱ्या घरातला, दत्ता एसटीत कंडक्टर. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून तंबोऱ्यासाठी भोपळे येतात, त्यातलं एक पोतं दत्ताच्या गाडीतून येतं आणि दोघांची ओळख होते.

पहिले तीन महिने माझे सर्वनामांशी झगडण्यात गेले. ‘त्याने त्याचा हात त्याच्या हातात घेतला.’ कुणी कुणाचा? नायक-नायिकेची गोष्ट लिहिणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही, तो-ती लिहून तो मोकळा होतो. मी आधी ‘कंडक्टर’ आणि ‘कारागीर’ असं लिहून पाहिलं, पण प्रेमात पडलेला माणूस समोरच्याला हुद्द्याने ओळखत नाही. ‘आपला’ हा शब्द बराच कामी आला. खरा उपाय मात्र वासातून सापडला. अल्ताफच्या बोटांना लाखेचा वास येतो, दत्ताच्या बोटांना चिल्लरचा. आता अंधारातसुद्धा कुठला हात कुणाचा ते वाचणाऱ्याला कळतं.

दुसरी गोष्ट क्रियापदांची, आणि ती मला फार जवळची आहे. मराठीत ‘आलास’ म्हटलं की समोर पुरुष आहे हे सगळ्या खोलीला कळतं. ऑफिसातून फोनवर बोलताना मी स्वतः कित्येक वर्षं ‘आलीस का’, ‘जेवलीस का’ म्हणत आलो. पण लिहायला बसल्यावर लक्षात आलं की आपल्या भाषेने लपायला जागाही ठेवलीय. ‘कधी येशील?’ यात बाई-पुरुष काही दिसत नाही. ‘जेवण झालं?’, ‘काय केलंस दिवसभर?’, ‘दमायला झालं असेल ना?’, ‘तुझी आठवण येते’ यांतही नाही. चौथ्या प्रकरणात अब्बा शेजारी दांडी तासत बसलेत आणि अल्ताफ दत्ताशी फोनवर बोलतोय. तो अख्खा संवाद मी असाच लिहिला, पलीकडे कोण आहे ते उघड करणारं एकही क्रियापद न वापरता. पाचव्या प्रकरणात रात्रीची मुक्कामी गाडी गावाबाहेर उभी आहे, ड्रायव्हर देवळात झोपायला गेलाय. अल्ताफ दारातून चढतो आणि दत्ता एवढंच म्हणतो, ‘आलास?’

त्या एका शब्दासाठी मला सतरा पत्रं आली. एका वाचकाने लिहिलं, ‘मी हा शब्द घराबाहेर कधीच मोठ्याने म्हटलेला नाही. आज वाचताना म्हटला.’ ते पत्र मी रात्री तीन वेळा वाचलं.

वाचक चुकाही दाखवतात, आणि त्यांचं मी मनापासून ऐकतो. २०१३ सालच्या कंडक्टरच्या हातात मी तिकिटांचा पेटारा आणि चिमटा दिला होता. एसटीतून निवृत्त झालेल्या एका काकांनी कळवलं की तोवर तिकीट मशिनमधून निघायला लागलं होतं. अब्बांच्या तोंडी मी पुणेरी मराठी घातली होती. मिरजेच्या एका ताईंनी विचारलं, ‘अहो, घरात दखनी बोलतील ना ते?’ सगळे संवाद पुन्हा लिहिले. अब्बा आता पहिल्यांदा जिवंत वाटतात.

सहावं प्रकरण जवारीचं, म्हणजे तंबोऱ्याचा आवाज खुलवण्याच्या कामाचं. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीने घासत आणायचा, मग तार आणि घोडी यांच्यामध्ये दोरा सरकवायचा, केसभर इकडे, केसभर तिकडे, आणि एका जागी आवाज एकदम खुलतो. अल्ताफ दत्ताला भोपळ्याला कान लावायला सांगतो. पहिल्या खर्ड्यात मी जवारीची प्रेमाशी तुलना करून ठेवली होती, दुसऱ्यात ती अर्धी कापली. आता तुलना पूर्ण गेली. दोरा आहे, कान आहे, आणि दत्ताची थांबलेली डबल बेल.

पुढची प्रकरणं तारखांना बांधलेली आहेत. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून वगळणारा दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल रद्द केला. दुसऱ्या दिवशी दत्ता पंढरपूर स्टँडवर पेपर विकत घेतो आणि घडी न उघडताच सीटखाली ठेवतो. ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ च्या कचाट्यातून सज्ञान माणसांचं संमतीचं नातं सुटलं, त्या दिवशी तो कुठे आहे हे मला अजून ठरवायचंय.

शेवटाबद्दल मात्र तुम्ही सगळे बोलताय. ‘कृपया कुणाला मारू नका,’ एवढं एकच वाक्य एका मुलाने पाठवलं. नाही मारणार. आपल्या गोष्टींत विहिरी आणि रेल्वेरूळ खूप झाले. बऱ्याच जणांना लग्न हवंय, पण १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला, त्यानंतर कायद्याचं लग्न मी कागदावरही खरं दाखवू शकत नाही. म्हणून मी बँकेत जातोय. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना जोडखातं उघडायला, एकमेकांना खात्यावर नॉमिनी नेमायला आडकाठी नाही. तर शेवटच्या प्रकरणात पन्नाशीकडे झुकलेले दोघं काउंटरसमोर उभे आहेत. माझ्या फॉर्ममध्ये ‘नातं’ असा रकाना आहे.

तिथे काय लिहायचं, हे मी मागे विचारलं होतं. ‘मित्र’ आलं, ‘जोडीदार’ सगळ्यात जास्त आलं. साठीतल्या एका गृहस्थांनी लिहिलं की गेली कित्येक वर्षं ते शेजाऱ्यांशी बोलताना ‘आमच्या घरचे’ म्हणतात, आणि शेजारी समजून घेतात.

सध्या रकाना कोरा आहे. दोरीने बांधलेलं बँकेचं पेन अल्ताफच्या हातात आहे आणि दत्ता त्याच्या खांद्यावरून वाकून बघतोय.