रात्रीचं शहर, हलणारा पूल आणि एफ/१६ चा फुकटचा सल्ला

आधी निकाल सांगून टाकतो, घाईतल्यांना पुढचं वाचायची गरज नाही. नदीवरून रात्रीचं शहर टिपायचं असेल तर पुलाच्या मधोमध ट्रायपॉड लावू नका. काठावर जा. काठावर जागाच नसेल तर पुलाच्या खांबाच्या बरोबर वर उभे राहा. बाकी सगळं त्यानंतर.

मला निघण्याआधी मिळालेला सल्ला नेमका उलटा होता. 'पुलाच्या मध्यावर जा, दोन्ही काठ दिसतात. दणकट ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ/१६, ३० सेकंद. काम फत्ते.' (आयएसओ म्हणजे कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ठेवला ते; एफ/१६ म्हणजे लेन्समधल्या छिद्राचं, अॅपर्चरचं, माप, आकडा मोठा तितकं छिद्र लहान; ३० सेकंद म्हणजे शटर तेवढा वेळ उघडं.) दोन्ही काठ दिसतात हे खरं. त्यापुढचं एकही अक्षर खरं नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो झकास वाटतो. मग तो दहा पट मोठा करून बघायचा. प्रत्येक उजळ खिडकीला चिकटून आणखी एक फिकट खिडकी दिसते आणि लांबच्या दिव्यांचे ठिपके स्वल्पविरामासारखे वाकडे झालेले असतात.

तो स्वल्पविराम नीट बघा, कारण बिघाड कुठे आहे हे तोच सांगतो. फोटोभर सगळ्या दिव्यांना तीच शेपटी त्याच दिशेला असेल तर कॅमेरा हललाय. शेपटी नाही, पण प्रत्येक दिवा गोल फुगलाय, तर फोकस चुकलाय. मधले दिवे टोकदार आणि फक्त कोपऱ्यातल्यांना पंख फुटलेत, तर लेन्स फार उघडी ठेवली, एक-दोन स्टॉप बंद करा, म्हणजे एफचा आकडा वाढवा. इमारती स्वच्छ आणि झाडं-झेंडे तेवढे पुसट, तर तो वारा आहे. त्याला इलाज नाही. हे तपासायला मिनिट लागत नाही आणि जागेवरच करायचं असतं. मुक्कामी पोचून लॅपटॉपवर कळून उपयोग शून्य.

पूल इतका का छळतो हे हिशेब मांडल्यावर पटलं. १०० मिमीची लेन्स धरा आणि सेन्सरवरचा एक पिक्सेल ४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरवर साधारण तेवढाच असतो. ट्रायपॉडच्या पायांमधलं अंतर एक मीटर. आता एक पाय बाकीच्यांपेक्षा फक्त ०.०४ मिमी वर उचलला गेला, तरी चित्र सेन्सरवर अख्खा एक पिक्सेल सरकतं. डोक्यावरचा केससुद्धा साधारण याहून जाड असतो! अख्खा कॅमेरा सरळ मिलिमीटरभर वर-खाली झाला तर लांबच्या इमारतींना काही फरक पडत नाही. कॅमेरा कलला की संपलं. आणि भरलेली बस गेली की पूल नेमका तेच करतो, खांबांच्या मधल्या भागात सगळ्यात जास्त. महागडा कार्बन ट्रायपॉड इथे काही करू शकत नाही. तो जमीन घट्ट धरून ठेवतो, पण जमीनच हलतेय.

गाड्या नसलेला पादचारी पूल बरा, असंही सांगणारे भेटतील. लंडनचा मिलेनियम ब्रिज १० जून २००० रोजी खुला झाला, आणि नुसत्या माणसांच्या चालण्याने इतका आडवा डोलू लागला की दोन दिवसांत बंद करावा लागला. डॅम्पर (हादरे शोषणारी उपकरणं) बसवून तो २००२ मध्ये पुन्हा उघडला. प्रत्येक पादचारी पूल असा नसतो, मान्य. पण गर्दीच्या वेळी त्यावर ३० सेकंदांचं एक्स्पोजर म्हणजे जुगार.

उभं राहायच्या आधी पारख करायची सोपी युक्ती आहे. पाण्याची अर्धी भरलेली बाटली जमिनीवर ठेवायची आणि पाण्यात पडलेलं दिव्याचं प्रतिबिंब बघायचं. पायाला काही जाणवत नसतं तेव्हाही ते थरथरताना दिसतं. मी जिथे उभा होतो तिथे बस गेल्यानंतरही ते बराच वेळ शांत होत नव्हतं. खांबावर सरकलो तर बस जाताना एक झटका आणि मग पाणी स्थिर. पुलाच्या दोन तुकड्यांमधली लोखंडी फट ओलांडून ट्रायपॉडचे पाय ठेवू नका, दोन्ही तुकडे वेगवेगळे हलतात. कठड्याला क्लॅम्प लावायचा मोहही आवरा. कठडा पुलापेक्षा जास्त थरथरतो आणि त्यावर कुणी ना कुणी येऊन रेलतंच.

एवढं सांगूनही पुलावरच जायचं असेल तर दोन उपाय आहेत. पहिला: बल्ब मोडमध्ये (आपण बंद करेपर्यंत शटर उघडं राहतं) शटर उघडं ठेवून हातात काळा पुठ्ठा धरायचा. जड गाडी येताना दिसली की लेन्ससमोर धरायचा, लेन्सला अजिबात न शिवता, आणि पूल शांत झाला की बाजूला घ्यायचा. ३० सेकंदांच्या उजेडासाठी दोन-तीन मिनिटं उभं राहावं लागतं, हात भरून येतो. पुढ्यातून जाणाऱ्या त्या बसच्या दिव्यांची रेघ मिळत नाही, हा तोटा. दुसरा: ३० सेकंदांचा एक घेण्याऐवजी एक-दोन सेकंदांचे भरपूर फोटो घ्यायचे, हललेले फेकायचे आणि उरलेले संगणकावर एकमेकांवर रचून सरासरी काढायची. पाणीही गुळगुळीत होतं आणि नॉइजही (फोटोतला दाणेदारपणा) कमी होतो. मला दुसरा जास्त आवडला, कारण त्यात बसकडे डोळे लावून बसावं लागत नाही. दोन्हींत लेन्स मात्र वाइडच, म्हणजे कमी मिमीची, लावा. २४ मिमीवर तोच हादरा १०० मिमीच्या जेमतेम चौथा हिस्सा दिसतो.

आता एफ/१६. लोक तो दिव्यांच्या चांदण्यांसाठी वापरतात, आणि चांदण्या येतातही. अॅपर्चरची पाती सम असतील तर तेवढेच किरण, विषम असतील तर दुप्पट. पण त्याची किंमत बघा. एफ/१६ ला प्रकाशाच्या विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना तो पसरतो) एका बिंदूची साधारण २१ मायक्रॉनची चकती होते. वरच्या ४ मायक्रॉनच्या पिक्सेलशी ताडून पाहा. एफ/८ ला ती निम्म्यावर येते. शिवाय एफ/८ ला ३० सेकंदांचं काम साडेसात सेकंदांत होतं, म्हणजे पूल हलायला वेळही कमी मिळतो. मी एफ/८ च्या वर गेलो नाही आणि कुणी जावं असंही मला वाटत नाही. चांदण्या हव्याच असतील तर एफ/११, बस्स.

उंच इमारतीवरच्या प्रेक्षक गॅलरीबद्दल थोडक्यात, कारण ते आठवलं की डोकं फिरतं. सूर्यास्ताच्या वेळेचं तिकीट वेगळं आणि चढं. खाली ट्रायपॉड बघूनसुद्धा कॅमेऱ्याचं शुल्क घेतलं, कुणी चकार शब्द काढला नाही. वर पोचल्यावर पहारेकरी म्हणाला, ट्रायपॉड उघडायचा नाही. पैसे परत नाहीत. काच दुहेरी, त्यामुळे आतल्या प्रत्येक दिव्याची दोन-दोन प्रतिबिंबं, आणि बाहेरच्या बाजूने धुळीचा थर. तिकीट काढण्याआधी तोंडावर विचारा: ट्रायपॉड वर चालतो का, आणि काच आहे की उघडं आहे? गुळमुळीत उत्तर आलं तर ते 'नाही' समजा. गेलातच तर लेन्सच्या तोंडावरचं रबरी हूड काचेला टेकवा, भोवती काळं जाकीट गुंडाळा, आयएसओ १६०० ते ३२०० वर न्या आणि सलग पाच-सहा फोटो ओढा. मधला एखादा निघतो धारदार. पण पुन्हा जाईन का? नाही.

फोकस उजेडातच उरका. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी जागेवर पोचायचं, लाइव्ह व्ह्यू (पडद्यावरचं थेट चित्र) दहा पट मोठा करून लांबच्या इमारतीच्या कडेवर फोकस लावायचा, मग मॅन्युअलवर टाकून रिंगला हात लावायचा नाही. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका, बऱ्याच लेन्स तिच्या पलीकडे फिरतात. झूम बदललात तर फोकस पुन्हा तपासा. सूर्य क्षितिजाखाली ४ ते ६ अंश असतो तेव्हाचं निळं आकाश सगळ्यात कामाचं. इमारतींच्या कडा आकाशापासून सुटून दिसतात आणि दिवेही जळून पांढरे होत नाहीत. पूर्ण अंधार पडल्यावर काळ्यावर काळं, मग धारदार तरी काय दिसणार? ही वेळ फार टिकत नाही, म्हणून लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा. ते चालू असलं की ३० सेकंदांच्या फोटोमागे आणखी ३० सेकंद कॅमेरा अडकून पडतो, आणि नेमकं आकाश बदलत असतं.

किरकोळ पण नडणाऱ्या गोष्टी: ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद. मधला दांडा खाली. गळपट्टा काढून खिशात, वाऱ्यात तो फडफडतो. दांड्याला पिशवी लटकवायची तर ती जमिनीला टेकलेली हवी, अधांतरी झुलणारी पिशवी नसलेली बरी. रिमोट नसेल तर २ सेकंदांचा टायमर. यूव्ही फिल्टर काढून ठेवा, दिव्यांची हिरवी भुतं अनेकदा त्याच्यामुळे नाचतात. एसीतून दमट हवेत आलात तर कॅमेरा अर्धा तास बॅगेतच राहू द्या, नाहीतर लेन्सवर बाष्प धरतं आणि पुसलं तरी पुन्हा येतं.

जुन्या पेठेतल्या गल्ल्यांमध्ये हातात कॅमेरा घेऊन फिरण्यात मजा आली, त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. शटर १/५० सेकंद ठेवलं, आयएसओ वाढू दिला. एवढंच ध्यानात असू द्या की वीज ५० हर्ट्झची असेल तिथे एलईडी पाट्यांसमोर १/५० किंवा १/१०० सोडून वेगाने गेलात, आणि इलेक्ट्रॉनिक शटर असेल, तर फोटोवर आडवे पट्टे येतात. ६० हर्ट्झ असेल तिथे १/६० धरा. ते पट्टे नंतर संगणकावर धड निघत नाहीत, तेव्हा पहिला फोटो काढल्या काढल्या तिथेच मोठा करून बघा आणि मगच पुढे सरका.