नकाशावरचे पांढरे रस्ते

शनिवार रात्र, क्लूनी

मिशेलँ या टायर कंपनीच्या नकाशावरचे लाल रस्ते टाळावेत, पिवळे पारखून घ्यावेत आणि पांढऱ्यांवर निर्धास्त विश्वास ठेवावा, हा फ्रान्समधल्या दक्षिण बुर्गोन्य प्रांतात सायकल चालवणाऱ्याने पाळण्याचा साधा नियम आहे. पिवळ्या रस्त्याच्या कडेने हिरवी रेघ ओढलेली असेल तर तो निसर्गरम्य समजायचा आणि रस्त्यावर बाण दिसले तर चढाचा अंदाज घ्यायचा. एक बाण म्हणजे पाच ते नऊ टक्के, दोन बाण म्हणजे नऊ ते तेरा, आणि तीन दिसले तर आधी नीट न्याहारी करून घ्यायची. आज तूर्नूहून निघून डी-१४ या जिल्हा रस्त्याने ओझने, ब्रांसियाँ आणि शापेझ अशी गावे घेत कोरमातँला आले आणि तिथून जुन्या रेल्वेमार्गावरच्या सायकलवाटेने क्लूनीत मुक्कामाला पोहोचले. अंतर जेमतेम चाळीस किलोमीटरचे, पण त्यात सबंध दिवस गेला, आणि तो तसा जावा म्हणूनच लिऑनहून सकाळच्या गाडीने निघाले होते.

महाराष्ट्रातले कितीतरी सायकलस्वार दर चार वर्षांनी पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीसाठी फ्रान्सला येतात आणि बाराशे किलोमीटर नव्वद तासांच्या आत पुरे करण्याचा प्रयत्न करतात. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे; मात्र ज्या देशात दर चार किलोमीटरवर थांबण्यासारखे काहीतरी लागते, तो देश दिव्याच्या झोतात दिसेल तेवढाच पाहून परतणे मला जमणारे नाही.

तूर्नूच्या सेंट फिलिबेर मठात फार वेळ काढला नाही, कारण ऊन चढण्याआधी घाट संपवायचा होता. तरीही आतले गुलाबी दगडाचे जाडजूड गोल खांब पाहिल्यावाचून पुढे जाववले नाही. व्हायकिंगांच्या धाडींमुळे अटलांटिकच्या किनाऱ्यावरचे नोआरमूतिए बेट सोडून संताच्या अस्थी घेऊन भटकत राहिलेले भिक्षू अखेर ८७५ मध्ये सोन नदीच्या काठी इथे स्थिरावले. गाव मागे पडले की दहा मिनिटांत द्राक्षमळे सुरू होतात. तोडणी नुकतीच आटोपली असल्याने वेलींवर फक्त राहून गेलेले छोटे घोस दिसत होते, आणि एका आवारातून जाताना चेपलेल्या द्राक्षांचा आंबूस वास इतका दाट आला की नकळत पायडल थांबले.

ब्रांसियाँचा चढ लांब आहे, पण अंगावर येणारा नाही. खिंडीची उंची साडेतीनशे मीटरच्या आसपास असल्यामुळे आपल्याकडच्या घाटांची सवय असलेल्याला त्याचे काही वाटणार नाही. वर मोटारी गावाबाहेरच ठेवाव्या लागतात. किल्ला, लाकडी छपराखालचा जुना बाजार आणि डोंगराच्या टोकाला बाराव्या शतकातले सेंट पिएर चर्च, एवढाच गावाचा पसारा. चर्चमध्ये जोसरां द ब्रांसियाँ या सरदाराची दगडात कोरलेली आडवी मूर्ती आहे. सातव्या धर्मयुद्धात तो फ्रान्सचा राजा नववा लुई याच्याबरोबर इजिप्तला गेला आणि १२५० मध्ये मन्सुरा येथे मारला गेला. ज्या घराण्याचा सर्वात मोठा पराक्रम इतक्या दूर आणि पराभवात संपला, त्याचे गाव आता वस्तीपेक्षा पाहुण्यांवर अधिक चालते. चर्चच्या ओट्यावर बसून सँडविच खाताना खालच्या दरीत एकही वाहन दिसले नाही. चरणारी पांढरी शारोले गुरे मात्र भरपूर होती.

ही शांतता मूळची नाही, हे इथे सारखे जाणवत राहते. फ्रान्समध्ये गावोगाव जाणाऱ्या लहान रस्त्यांचे एवढे दाट जाळे आहे त्यामागे २१ मे १८३६ चा एक कायदा आहे. त्याने गावांना जोडणारे रस्ते राखण्याची जबाबदारी प्रत्येक ग्रामपंचायतीवर सक्तीने टाकली, आणि त्यासाठी गावकऱ्यांकडून वर्षाला तीन दिवसांपर्यंत श्रम किंवा तेवढ्याचा मोबदला वसूल करण्याची मुभा दिली. म्हणजे ज्यावरून मी आज एकटीने रमतगमत आले, ते रस्ते शेतकऱ्यांच्या अंगमेहनतीवर पोसले गेले, आणि तेही गाड्या, गुरे व बाजारहाटाची वर्दळ गृहीत धरून. पुढे माणसे शहरांकडे गेली, मोठी वाहतूक महामार्गाने उचलली, आणि डांबर तेवढे शिल्लक राहिले. मधल्या काळात काय झाले ते प्रत्येक गावच्या स्मारकावर वाचता येते. पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे सुमारे चौदा लाख सैनिक मेले, आणि आज दहा-पंधरा घरांच्या वस्तीतही दगडावर १९१४ ते १९१८ च्या खाली एकाच आडनावाची दोन-तीन माणसे सापडतात.

स्मारकापासून दफनभूमी सहसा दूर नसते, आणि दफनभूमीत नळ असतो. उन्हाळ्यात सायकलवर निघणाऱ्याने हे पक्के लक्षात ठेवावे, कारण दुपारी बारा ते दोन गावातले एकमेव दुकानही बंद असते. शापेझच्या अलीकडे मी असेच आत शिरले. भिंतीला लावलेल्या आकड्यांवर हिरव्या प्लास्टिकच्या झाऱ्या ओळीने टांगलेल्या होत्या, नळाची तोटी कडक होती, आणि पाणी पहिल्या दोन धारांनंतर दात शिवशिवावेत इतके गार आले. शेवंतीच्या कुंड्यांना पाणी घालणाऱ्या एका आजींनी माझ्या दोन्ही बाटल्या भरेपर्यंत नळ सोडला नाही. निघताना त्यांनी पुढे सपाट आहे असे सांगितले आणि, अशा बाबतीत क्वचितच घडते ते घडले, पुढे खरोखरच सपाट होते.

शापेझचे सेंट मार्तँ चर्च अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातले. भोवतीच्या शेतांतून त्याचा सुमारे पस्तीस मीटरचा चौकोनी मनोरा दोन वळणे आधीपासून दिसू लागतो, आणि त्या उंचीचे खाली पसरलेल्या मूठभर घरांशी काही प्रमाण जुळत नाही. आत सजावट जवळजवळ नाही. क्लूनीच्या मठाच्या वैभवाआधीची ही शैली मला त्या वैभवापेक्षा अधिक पटते, हे इथे नोंदवून ठेवते.

कोरमातँपासूनची सायकलवाट वेगळ्या धाटणीची आहे. झिव्री ते क्लूनी हा तिचा मूळ चव्वेचाळीस किलोमीटरचा टप्पा बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर १९९७ मध्ये खुला झाला आणि या प्रकारची ती फ्रान्समधली पहिली वाट. लहान मुलांना घेऊन येणाऱ्यांना हिच्यासारखे सुख नाही, पण माझा जीव तिच्यावर जडला नाही. रेल्वेने चढ टाळण्यासाठी गावांना वळसा घातला होता, आणि वाटही तेच करते. तेझेची टेकडी डाव्या हाताला राहून जाते, आणि १९४० मध्ये ब्रदर रोजे तिथे आल्यापासून वाढत गेलेला, आज देशोदेशींच्या तरुणांनी गजबजणारा आश्रम पाहायचा तर वाट सोडून चढावेच लागते. जिल्हा रस्ता तुम्हाला चर्चच्या दारात नेऊन सोडतो; सायकलवाट जुन्या स्टेशनवर सोडते आणि पुढचे तुमचे तुम्ही पाहा म्हणते.

क्लूनीविषयी लिहायला घेतले तर पाने पुरणार नाहीत. ९१० मध्ये आकितेनच्या ड्यूक गियोमने स्थापन केलेला हा मठ दोनशे वर्षांत युरोपभर शाखा असलेली सत्ता झाला. १०८८ मध्ये मठाधिपती युग द सेम्यूर याने सुरू केलेले तिसरे चर्च १८७ मीटर लांब होते, आणि रोमचे सेंट पीटर्स नव्याने बांधले जाईपर्यंत ख्रिस्ती जगात त्याहून मोठे चर्च नव्हते. राज्यक्रांतीनंतर १७९८ मध्ये ते विकले गेले आणि घेणाऱ्यांनी पुढची सुमारे पंचवीस वर्षे त्याची खाण केली. आपल्याकडे पडक्या वाड्याचे चिरे शेजारच्या गोठ्याच्या भिंतीत ओळखू येतात, तसे इथे संध्याकाळी गल्ल्यांतून हिंडताना होते. नेपोलियनच्या काळातली सरकारी अश्वशाळासुद्धा मठाच्याच दगडांची. चर्चचा दहावा हिस्सासुद्धा धड उरला नसेल. पश्चिमेच्या दारापाशी उरलेल्या खांबांच्या बुंध्यांवर उभे राहून पूर्वेला पाहिले की दूरवर एकच अष्टकोनी मनोरा दिसतो, आणि तो चर्चच्या एका बाजूच्या भुजेवरचा आहे हे कळल्यावर मधल्या मोकळ्या जागेचा आकार डोक्यात मावत नाही. १९२८ पासून अमेरिकी पुरातत्त्वज्ञ केनेथ कॉनंट यांनी इथे उत्खनन केले नसते, तर पायाची मापेसुद्धा अंदाजानेच सांगावी लागली असती.

रविवार दुपार, माकाँ स्टेशन

सकाळी बेकरी उघडी मिळाली. उद्या सोमवार, म्हणजे बहुतेक गावांत ती बंद, तेव्हा आजच परतणे शहाणपणाचे. व्हेलोसियो या टोपणनावाने ओळखले जाणारे पोल द व्हिव्ही (१८५३–१९३०), लिऑनजवळच्या सेंतेतिएनचे, भूक लागण्याआधी खा आणि तहान लागण्याआधी प्या असे सांगून गेले आहेत. गिअर बदलता येणाऱ्या सायकलीचाही त्यांनी आयुष्यभर पुरस्कार केला. तूर द फ्रान्समध्ये स्पर्धकांना ती सोय १९३७ मध्ये मिळाली. हौशी लोक तोवर खुशाल गिअर बदलत घाट चढत होते.

क्लूनीच्या दक्षिणेला सायकलवाट बोआ क्लेरच्या सोळाशे मीटर लांब बोगद्यातून जाते. हिवाळ्यात तिथे वटवाघळे झोपतात म्हणून बोगदा बंद ठेवतात आणि सायकलस्वारांना खिंडीवरून जावे लागते. सध्या तो उघडा आहे. आत दिवे आहेत, पण गारवा असा की जाकीट चढवल्याशिवाय शिरू नये.

बेर्झे-ला-व्हीलमधली भिक्षूंची प्रार्थनाशाळा बाहेरून कोठाराइतकी साधी आहे. आत बाराव्या शतकातली भित्तिचित्रे आहेत. निळ्या पार्श्वभूमीवर सिंहासनाधीश ख्रिस्त, आणि त्याच्या डाव्या हातून गुंडाळी स्वीकारणारा सेंट पीटर. गिलाव्याखाली गेल्यामुळे ती वाचली आणि १८८७ मध्ये गावच्या धर्मगुरूला सापडली. क्लूनीच्या भिंती रंगवलेल्या असताना कशा दिसत असतील याची कल्पना इथेच येते, आणि म्हणून मी ही वाट नेहमी उत्तरेकडून दक्षिणेकडेच सुचवीन: आधी ती मोकळी जागा, मग ही खोली.

क्लूनीच्या चर्चच्या आकाराचा अंदाज घ्यायचा तर मात्र पश्चिमेला पारे-ल-मोनियालला जावे लागेल. तिथली बॅसिलिका क्लूनीच्या तिसऱ्या चर्चचा लहान नमुना समजली जाते, आणि तिथून दक्षिणेला मठाधिपती युग याचे जन्मगाव सेम्यूर-आँ-ब्रियोने आहे. नकाशात क्लूनीपासून तिकडे पांढऱ्या रस्त्यांची एक नागमोडी रांग दिसते आहे, त्यावर दुहेरी बाण दोन ठिकाणी. ऑक्टोबरात पाऊस नसेल तर मोठी पिशवी घरी ठेवून, हलक्या सामानानिशी तिकडे जायचे आहे.