तुम्ही विचारलंत म्हणून: गॅसच्या जहाजावर भीती नाही का वाटत?

सुट्टीवर घरी आलो की पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न येतो. गणपतीत आरती झाल्यावर पडवीत बसलं की कोणीतरी विचारतं, चिपळूणच्या एसटीत शेजारी बसलेला विचारतो, परवा पुतण्याच्या शाळेतल्या बाईंनी विचारलं. घरातला सिलिंडर जरा लीक झाला तर अख्खी वाडी अंगणात धावते आणि तुम्ही जहाजभर गॅस पायाखाली घेऊन झोपता कसे? मी दरवेळी दोन वाक्यांत उत्तर देतो, मग घरी आल्यावर वाईट वाटतं, कारण विचारणाऱ्याने मनापासून विचारलेलं असतं. म्हणून एकदाच नीट लिहितो.

मी एलएनजी, म्हणजे गार करून द्रव केलेला नैसर्गिक वायू, वाहणाऱ्या जहाजांवर गॅस इंजिनियर आहे. आणि हो, भीती वाटते, पण तुम्हाला वाटते ती नाही. तुम्हाला आग दिसते, आम्हाला दिवसरात्र थंडीची काळजी असते.

आधी सिलिंडरचा गैरसमज काढतो. घरातला गॅस एलपीजी, तो दाबून भरलेला असतो, सगळा खेळ प्रेशरचा. आमचा माल म्हणजे मिथेन, त्याला दाबत नाहीत, उणे १६२ अंशापर्यंत गार करतात, की त्याचं पाण्यासारखं द्रव होतं आणि आकारमान साधारण सहाशे पटीने कमी होतं. ते द्रव जहाजाच्या टाक्यांत जवळजवळ हवेच्याच दाबाला राहतं, सायकलच्या ट्यूबमधे आमच्या टाकीपेक्षा कितीतरी जास्त प्रेशर असतं. आणि टाकीत ऑक्सिजन नसतोच. मिथेन पेटायला तो हवेत ५ ते १५ टक्के या मापात मिसळलेला लागतो, कमी असला तर पेटत नाही, जास्त असला तरी नाही. लोकांना सगळ्यात नवल कशाचं वाटतं सांगू? माल उतरवायचे आमचे पंप टाकीच्या तळाशी त्या द्रवात बुडलेले असतात, मोटरसकट. चालू विजेची मोटर एलएनजीमधे गरागरा फिरतेय आणि काही होत नाही, कारण तिथे हवा नाही आणि हे द्रव वीजही वाहून नेत नाही. मला पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा मी सेकंड इंजिनियरला तीनदा परत विचारलं होतं.

आता थंडी. साधं जहाजाचं लोखंड, जे वादळात वाकेल पण तुटणार नाही, ते उणे १६२ ला पापडासारखं होतं. १९४४ मधे अमेरिकेत क्लीव्हलंडला एलएनजीची एक टाकी फुटली, ऑक्टोबरची २० तारीख, गॅस गटारांतून वस्तीत शिरला आणि पेटला, सुमारे १३० माणसं गेली. टाकीच्या स्टीलमधे निकेल फक्त साडेतीन टक्के होतं, युद्धामुळे निकेलची टंचाई होती, आणि तेवढ्या निकेलचं स्टील त्या थंडीत टिकत नाही. त्यानंतर कित्येक वर्षं कोणी या धंद्याकडे बघायला तयार नव्हतं. आम्हाला कोर्समधे हे शिकवतात तेव्हा वर्ग एकदम शांत होतो. आग नंतर लागली, आधी पोलाद थंडीने हरलं, हे तिथे डोक्यात बसतं ते बसतंच.

मग १९५९ च्या जानेवारीत मिथेन पायोनियर नावाचं जहाज, दुसऱ्या महायुद्धातलं जुनं मालवाहू, टाक्या बसवून तयार केलेलं, अमेरिकेतल्या लेक चार्ल्सहून एलएनजी घेऊन निघालं आणि फेब्रुवारीत इंग्लंडच्या कॅनव्ही बेटाला पोचलं. टाक्या ॲल्युमिनियमच्या, त्यांना बाहेरून बाल्सा लाकडाचं वेष्टण. माल होता जेमतेम पाच हजार घनमीटर. आज साधारण जहाज १,७४,००० घनमीटरचं असतं, कतारची सगळ्यात मोठी क्यू-मॅक्स २,६६,००० ची, आणि त्याहून मोठी २,७१,००० ची जहाजं २०२४ मधे चीनच्या हुडोंग-झोंगहुआ यार्डाला ऑर्डर गेलीत.

तुम्ही फोटोत बघता ते डेकवर मोठे गोल घुमट असलेलं जहाज, ते मॉस पद्धतीचं, नॉर्वेचं डिझाईन. मी ज्यांच्यावर काम केलं ती बहुतेक मेंब्रेनची. त्यात टाकी म्हणजे जहाजाच्या पोटालाच आतून लावलेलं अस्तर असतं, एका प्रकारात स्टेनलेस स्टीलचा १.२ मिलिमीटरचा पत्रा, दुसऱ्यात इनवारचा ०.७ मिलिमीटरचा. इनवार म्हणजे ३६ टक्के निकेलचं पोलाद, गीयोम नावाच्या शास्त्रज्ञाने शोधलेलं, १९२० चं नोबेल मिळालं त्याला. त्याचा गुण एकच, गार झालं तरी ते फारसं आखडत नाही. साधं स्टेनलेस आखडतं, आमच्या डेकवरची शंभर मीटरची पाइप गार होताना पाव मीटरभर आखूड होते, म्हणून तिला जागोजागी लूप आणि बेलोज, म्हणजे घडीचे लवचिक जोड, द्यावे लागतात. स्टेनलेसच्या मेंब्रेनला त्यासाठी आडव्याउभ्या घड्या घातलेल्या असतात. ड्रायडॉकला, म्हणजे दुरुस्तीच्या कोरड्या गोदीत, टाकी रिकामी करून हवा भरतात तेव्हा आम्ही आत उतरतो, सगळीकडे त्या चकचकीत घड्या आणि इतकी शांतता की स्वतःच्या बुटांचा आवाज मोठा वाटतो. ज्या पत्र्यावर आपण उभे आहोत त्याची जाडी एका रुपयाच्या नाण्याएवढीसुद्धा नाही हे कळतं तेव्हा पाय आपोआप हळू पडतात. अर्थात तो एकटा नाही, त्याच्यामागे इन्सुलेशन, मग दुसरं अस्तर, परत इन्सुलेशन, मग जहाजाचं लोखंड, आणि मधल्या जागा नायट्रोजनने भरलेल्या, तिथला वायू सतत तपासला जातो, कुठे गॅसचा जराही मागमूस लागला की अलार्म.

माझ्या दुसऱ्या की तिसऱ्या कॉन्ट्रॅक्टला एका जुन्या जहाजावर बोसनने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, मला मॅनिफोल्डपाशी, जिथे किनाऱ्यावरचे पाइप जोडतात तिथे, नेऊन डेकवर एक वेल्ड केलेली रेघ दाखवली, हातभर लांब. आधी कधीतरी ड्रिप ट्रेच्या, म्हणजे गळलेलं झेलायला ठेवलेल्या ट्रेच्या, बाहेर थोडं एलएनजी सांडलं होतं, बादलीभरही नसेल म्हणाला, आणि डेकची प्लेट तडकली. आवाज बंदुकीसारखा आला म्हणे. आग नाही, धूर नाही, काही नाही, फक्त एक चीर. तेव्हापासून माल चढवताना-उतरवताना जहाजाच्या बाजूवरून पाण्याचा पडदा सोडलेला असतो ना, त्याच्याकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. नवीन पोरं विचारतात हे पाणी आग विझवायला का, तर नाही रे बाबा, सांडलंच तर लोखंडाला थंडी लागू नये म्हणून.

त्यामुळे आमच्या कामात घाई हा प्रकारच नाही. पोर्टला लागलो की लगेच माल सुरू होत नाही, आधी मोजमाप, मग इमर्जन्सी शटडाऊनची टेस्ट, मग लोडिंग आर्म, म्हणजे धक्क्यावरून जहाजाला जोडलेले पाइपचे हात, हळूहळू गार करायचे, थेंबाथेंबाने म्हटलं तरी चालेल, मग गार अवस्थेत परत शटडाऊनची टेस्ट, मग कुठे एकेक व्हॉल्व्ह उघडत वेग वाढवायचा. पाइपवर बर्फ चढत जातो, दुपारच्या चाळीस डिग्रीत कतारच्या रास लफानला घामाने भिजलेले आपण आणि समोर पांढरीशुभ्र गोठलेली पाइप. तो पांढरा ढग दिसतो तो गॅस नव्हे, हवेतली वाफ असते. मिथेन दिसत नाही आणि त्याला वासही नाही, घरच्या गॅसला येतो तो वास नंतर मुद्दाम घातलेला असतो.

मग खरी माणसं कशाने जातात? हे कोणी विचारत नाही, पण मला सांगावंसं वाटतं. दोराने जातात, जहाज बांधताना तटतटलेला दोर तुटून उलटा येतो त्याने. आणि बंद जागेतल्या हवेने जातात. नायट्रोजन विषारी नाही, त्याला वास नाही, फक्त तो ऑक्सिजनची जागा घेतो, दोन श्वासांत माणूस खाली. आपल्याकडे विहिरीचा गाळ काढायला एकजण उतरतो आणि पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, तोही पडतो, दर उन्हाळ्यात बातमी असते, तसंच अगदी. एकदा एक कॅडेट, वीस वर्षांचं पोर, आत काय दिसतंय म्हणून मॅनहोलमधे नुसतं डोकं घालणार होता, ऑक्सिजन मोजायचा मीटर न लावता. चीफ ऑफिसरने मागून त्याची बॉयलरसूटची कॉलर धरून असा ओढला की पोरगा आडवा झाला. त्याला राग आला होता. संध्याकाळी मी त्याला मीटर घेऊन तिथेच नेलं, दोरीने मीटर आत सोडला, आकडा दाखवला. काही बोलला नाही, पण नंतर घरी आईला बराच वेळ फोन करत बसला होता.

मोठ्या अपघाताचं विचारलंत तर एक सांगतो. १९७९ च्या जूनमधे एल पासो पॉल केसर नावाचं भरलेलं जहाज जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत वेगात खडकावर चढलं, तळ फाटला, पण मालाच्या टाक्या शाबूत राहिल्या, सगळा माल दुसऱ्या जहाजात काढून घेतला. दुहेरी तळ आणि दुहेरी अस्तर का असतं ते त्यात दिसतं. म्हणून मला झोप लागते. डिझाईन करणाऱ्यांनी क्लीव्हलंड विसरू दिलं नाही म्हणून लागते.

हल्ली मला जास्त अस्वस्थ करते ती वेगळीच गोष्ट. कितीही इन्सुलेशन केलं तरी बाहेरची उष्णता आत शिरतेच आणि थोडं द्रव सारखं उकळत राहतं, दिवसाला एक हजारांश भाग धरा, म्हणजे मोठ्या जहाजात रोज पावणेदोनशे घनमीटर. हा गॅस आम्ही इंजिनात जाळतो, म्हणजे जहाज आपलाच माल खात पुढे जातं. पूर्वी त्यासाठी स्टीम टर्बाइन होती, बॉयलरमधे काहीही जळतं. मी शिकलो ते स्टीमवर. दिशा आणि राही ही दोन जहाजं, जी रास लफानहून गुजरातमधल्या दहेजला गॅस आणायची, तीही स्टीमची. दिशा ३० जानेवारी २००४ ला दहेजला पहिला माल घेऊन आली, भारतात आयात झालेला तो पहिला एलएनजी. स्टीमचं इंजिनरूम शांत असतं, टर्बाइनचा एक बारीक सूर लागलेला असतो, त्यात काही बिघडलं तर कानाला आधी कळतं. पण तेल-गॅस फार खातं. मग डिझेल-इलेक्ट्रिक आली, आता गॅसवर चालणारी मोठी टू-स्ट्रोक, आणि स्टीमची जहाजं एकेक करून भंगारात निघाली. इंधन वाचलं हे चांगलंच झालं. पण काही नव्या इंजिनांत थोडा मिथेन न जळता तसाच धुरांड्यातून निघून जातो, आणि शंभर वर्षांच्या हिशोबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीस-तीस पट तापवतो. बॉयलरमधे हे जवळजवळ होत नव्हतं. आम्ही एकीकडे स्वच्छ इंधन म्हणून मिरवायचं आणि दुसरीकडे हे, मला ते पटत नाही, आणि जहाजावरच्यांनी हे स्वतः बोललं पाहिजे असं मला वाटतं. इंजिन बनवणारे त्यावर काम करतायत, फरक पडतोयही, पण प्रत्येक वॉचला, म्हणजे पाळीला, इंजिनावर लोड किती ठेवायचा हे आमच्या हातात असतं, कमी लोडवर ही स्लिप, म्हणजे न जळता निसटणारा मिथेन, वाढते.

आणखी एक खंत. ही जहाजं बांधतात कोरियात, आता चीनमधेही. चीनने पहिलं २००८ मधे बांधलं आणि आता कुठे पोचलेत बघा. आपल्याकडे गेल या सरकारी गॅस कंपनीने मधे काही जहाजं भारतात बांधायची अट घालून टेंडर काढलं होतं, ते तडीस गेलं नाही. मेंब्रेनचं वेल्डिंग किलोमीटरच्या हिशोबात असतं आणि एक टाचणीएवढं भोक चालत नाही, ते हात तयार व्हायला वर्षं लागतात. आपल्याकडे वेल्डर नाहीत असं नाही, कोरियाच्या यार्डात मला आपली पोरं भेटलीत.

मी गुहागर तालुक्यातला. लहानपणी एन्रॉन, म्हणजे आमच्याकडे दाभोळचा वीजप्रकल्प आणणारी अमेरिकन कंपनी, हा शब्द आम्ही मोर्च्यांत ऐकला, मग कंपनी बुडाली, मग प्रकल्पाची ती धुरांडी नुसती उभी. तिथलं गॅसचं टर्मिनल पुरं होऊन जहाजं यायला २०१३ उजाडलं, आणि ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारा बांध, अपुरा म्हणून त्यानंतरही बरीच वर्षं पावसाळ्यात जहाज लागत नसे. तर एका जानेवारीत आमचं जहाज दाभोळलाच लागलं. घरापासून सरळ रेषेत काही किलोमीटर, पण माल उतरत असताना गॅस इंजिनियरला उतरता येत नाही, मीही विचारलं नाही. रात्री आईचा फोन आला, ती आणि काकू सड्यावर येऊन उभ्या होत्या, म्हणाली दिवे दिसतायत, खूप आहेत, तुझा कुठला. मी कार्गो कंट्रोल रूममधे होतो, सगळे पंप चालू, चारही टाक्या उतरत होत्या. तिला म्हटलं वरचे पांढरे सोड, जिथे पाणी पडताना दिसतंय ना बाजूने, त्याच्या जरा मागे बघ. ती म्हणाली पाणी दिसतंय. मग बराच वेळ दोघंही काही बोललो नाही, आणि मग दोन नंबर टाकीची लेव्हल बघायची होती म्हणून मी फोन ठेवला.