अमोनिया, फिलाडेल्फिया आणि जेम्स विल्सन

आज वर्गात युरिया चक्र, म्हणजे विषारी अमोनियाचा यकृतात युरिया कसा होतो, ते शिकवताना जनुकोपचाराचे अमेरिकन संशोधक जेम्स विल्सन यांचा विषय निघाला आणि मग दिवसभर तोच डोक्यात घोळत राहिला. जनुकोपचारात इतकं मिळवलेली, इतकं गमावलेली आणि तरी चालू राहिलेली दुसरी कारकीर्द मला माहीत नाही.

सुरुवात मिशिगनमध्ये झाली. पीएच.डी. केली ती लेश-नायहानमागच्या एन्झाइमवर. या आजारात मूल स्वतःचेच ओठ आणि बोटं चावतं. पुढे १९९२ मध्ये आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉलच्या रुग्णाच्या यकृताचा तुकडा काढला, त्या पेशींत निरोगी जनुक घातलं आणि पेशी परत यकृतात सोडल्या. १९९३ मध्ये ते फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आले आणि तिथे ओटीसीचा, म्हणजे युरिया चक्रातल्या एका एन्झाइमच्या कमतरतेचा प्रश्न हाती घेतला.

ओटीसी काय असतं, ते वॉर्डात कळतं. मुलगा चांगला जन्मतो, दोन दिवस अंगावर छान पितो, मग सुस्त पडतो. सगळ्यांना जंतुसंसर्ग वाटतो, अँटिबायोटिक सुरू होतात आणि अमोनिया तपासायचं कुणाच्या मनातच येत नाही. तपासायचा तर नमुना बर्फात ठेवून धावतपळत लॅबमध्ये न्यावा लागतो. उशीर झाला की आकडा उगाच वाढलेला येतो. तेवढ्यात बाहेर आजी सांगते, "पहिला पण असाच गेला, डॉक्टर." जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. आई बहुतेक वेळा ठणठणीत, आणि मुलगे जातात.

अशा बाळांसाठीच विल्सन आणि मार्क बॅटशॉ यांनी चाचणी आखली. मरणाच्या दारातल्या बाळाचे आईबाप मोकळ्या मनाने संमती देऊ शकणार नाहीत, म्हणून प्रयोग सौम्य आजार असलेल्या प्रौढांवर करायचा ठरला. हा युक्तिवाद मला आजही प्रामाणिक वाटतो. पण धोका मात्र ज्याचं पथ्यावर आणि गोळ्यांवर बरं चाललं होतं त्याच्या वाट्याला गेला. जेसी गेलसिंगर अठरा वर्षांचा होता. आपल्याला फायदा होणार नाही हे त्याला माहीत होतं, तो बाळांसाठी आला होता. १३ सप्टेंबर १९९९ ला त्याच्या यकृताच्या रोहिणीत निरोगी जनुक वाहून नेणारा अ‍ॅडेनोव्हायरस सोडला आणि १७ तारखेला तो गेला. विषाणू सोडतानाच त्याचा अमोनिया ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त होता, आणि माकडांमधले गंभीर दुष्परिणाम संमतिपत्रात आले नव्हते, यावर एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने बोट ठेवलं. विल्सन यांनी स्थापन केलेल्या कंपनीचे हितसंबंधही त्यात गुंतलेले होते. माझ्या मते हे अक्षम्य होतं, आणि पुढचं कुठलंही यश ते पुसू शकत नाही. २०१० पर्यंत त्यांना माणसांवरच्या चाचण्यांचं नेतृत्व करता आलं नाही.

या काळात त्यांच्या प्रयोगशाळेने माकडांच्या आणि माणसांच्या ऊतींत दडलेले एएव्ही विषाणू शोधून काढले. हे छोटे विषाणूही जनुक पेशींत वाहून नेण्यासाठी वापरतात. एएव्ही८ यकृतासाठी उपयोगी पडला. एएव्ही९ वरच एसएमएच्या (स्नायू दुबळे करत नेणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या) बाळांना दिलं जाणारं झोल्गेन्स्मा उभं आहे, त्याला २०१९ मध्ये मान्यता मिळाली.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते २०१८. सगळं क्षेत्र उत्साहात होतं आणि मात्रा वाढत चालल्या होत्या. तेव्हा विल्सन यांनी एएव्हीच्या फार मोठ्या मात्रेने माकडांच्या यकृताला आणि डुकराच्या पिल्लांच्या मज्जातंतूंना काय इजा झाली ते छापलं, आणि एका कंपनीच्या सल्लागार मंडळातून ते बाहेर पडले. या वेळी माकडांचं लपून राहिलं नाही. २०२० मध्ये दुसऱ्याच एका चाचणीत, मोठ्या मात्रेनंतर, यकृत निकामी होऊन मुलं दगावली.

त्याच फिलाडेल्फियात २०२५ मध्ये रेबेका अ‍ॅरेन्स-निक्लास आणि किरण मुसुनुरू यांनी एका बाळाच्या जनुकातलं एकच चुकलेलं अक्षर दुरुस्त केलं. आजार सीपीएस१ या एन्झाइमच्या कमतरतेचा. युरिया चक्रात सीपीएस१ जे बनवतं तेच पुढे ओटीसी वापरतं, म्हणजे अगदी शेजारची पायरी. विषाणू एकदा दिला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिकार उभा करतं; इथे विषाणूऐवजी चरबीचे सूक्ष्म थेंब वापरले, त्यामुळे औषध पुन्हा देता आलं. पहिली मात्रा मुद्दाम अगदी कमी ठेवली, मग वाढवली. बाळ घरी गेलं.

उद्याच्या तासाला १९९९ आणि २०२५ एकत्रच शिकवणार आहे, आणि त्याआधी अमोनियाचा नमुना बर्फात कसा न्यायचा ते प्रत्येकाकडून करून घेणार आहे.