त्रास काही नाही, मग गोळी कशाला?

गोव्यात डिचोलीच्या बाजारात माझी फार्मसी आहे, बावीस वर्षं झाली. हा प्रश्न दिवसातून दोन-तीनदा तरी काउंटरवर येतो. कुणी कोकणीत विचारतं, "बाय, म्हाका कांयच जायना, मागीर ही गुळी कित्याक?" कुणी मराठीत, "ताई, डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, देवळाच्या पायऱ्या न थांबता चढतो. मग प्रेशरची गोळी जन्मभर कशाला?" मागे माणसं उभी असतात, मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते आणि पुडी बांधून देते. गेल्या आठवड्यात साखळीहून येणारे एक काका म्हणाले, "आज घाई असेल तर राहू दे, पण एकदा सवडीनं सांग. मला खरंच समजून घ्यायचंय." तुम्ही विचारलंत म्हणून, काका, हे सवडीनं लिहिते आहे.

आधी माझ्या बाबांबद्दल सांगते, कारण त्यांचाही प्रश्न हाच होता. फक्त त्यांनी तो मला कधी विचारला नाही.

बाबा मराठी शाळेत मास्तर होते. निवृत्तीनंतर सकाळी पेटी आणि संध्याकाळी भजन, असा त्यांचा दिवस. 2008 साली तपासणीत प्रेशर 170 वर 100 निघालं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि ती दर महिन्याला मीच दुकानातून घरी नेऊन द्यायचे. 2011 च्या जूनमध्ये, पाऊस नुकताच लागला होता, सकाळी पेटी वाजवताना त्यांचा उजवा हात सुरांवरून खाली घसरला. आईला वाटलं, डुलकी लागली. मी पोचले तेव्हा तोंड एका बाजूला ओढलेलं होतं आणि ते काहीतरी सांगू पाहत होते, पण शब्द जुळत नव्हते. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी तुंबली होती. पुढची तीन वर्षं त्यांना माझं नाव घेता आलं नाही. अभंगाची ओळ मात्र कुणी सुरू करून दिली की ते पुरी म्हणायचे, शब्दासकट. गाणं मेंदूत वेगळ्या वाटेनं जातं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

त्या पावसात स्वयंपाकघरातली वरची फळी आवरताना चहाच्या जुन्या डब्यामागे मला गोळ्यांच्या पट्ट्या सापडल्या. सात. एकही गोळी फोडलेली नव्हती. आई म्हणाली, "पाय सुजायचे त्यांचे त्या गोळीनं. आणि त्रास तर काहीच नव्हता, म्हणून थांबवली. तुला सांगू नको म्हणाले, तू रागावशील." मी औषधं विकणारी बाई, आणि स्वतःच्या घरातल्या पट्ट्या मी कधी मोजल्या नव्हत्या.

बाबा अडाणी नव्हते. ते नेहमी म्हणायचे, "माणसाचं प्रेशर शंभर अधिक वय." आजही कितीतरी गिऱ्हाइकं हेच सांगतात. हा समज कुठल्या गावगप्पांतून आलेला नाही. एकेकाळी मोठमोठे डॉक्टरही असंच मानत. वय वाढलं, वाहिन्या कडक झाल्या, तर त्यांतून रक्त ढकलायला जास्त दाब लागणारच, तो कमी केला तर मेंदूला रक्त पोचणार नाही, अशी त्यांची धारणा होती.

त्याची किंमत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी मोजली. 1944 च्या मार्चमध्ये तरुण हृदयतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी त्यांना तपासलं तेव्हा दाब 186 वर 108 होता आणि हृदय थकलेलं होतं. त्याआधी कित्येक वर्षं आकडा चढत होता, पण वयाच्या मानानं ठीक आहे, असंच धरलं जात होतं. 12 एप्रिल 1945 रोजी दुपारी ते म्हणाले की डोकं भयंकर दुखतंय, आणि बेशुद्ध पडले. त्या वेळी नोंदवलेला दाब 300 वर 190. मेंदूत रक्तस्राव झाला होता. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाजवळ डॉक्टर हजर होते, आकडा समोर होता, पण त्याचा अर्थ कुणाला नीट ठाऊक नव्हता आणि प्रेशर उतरवणारं धड औषधही हाताशी नव्हतं.

तीन वर्षांनी, 1948 मध्ये, बॉस्टनजवळच्या फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावात एक काम सुरू झालं. 30 ते 62 वयाचे 5209 स्त्री-पुरुष निवडले गेले, बहुतेक धडधाकट. दर दोन वर्षांनी त्यांची तपासणी करायची, आकडे लिहायचे आणि पुढे कुणाला काय होतं ते पाहायचं. औषध नाही, उपचार नाही, नुसती चिकाटी. मला या माणसांचं फार वाटतं. दुखत-खुपत काही नसताना ते दंड पुढे करून बसत राहिले. पुढे कुणाला झटका आला, कुणाला पक्षाघात झाला, आणि मागे वळून वहीत पाहिलं की आकडे आधीपासून वर असलेले सापडत. या सगळ्यातून प्रेशरचा जो स्वभाव कळला, तो असा की त्रास होत नाही तेव्हाही ते आपलं काम करतच असतं. पुढे 2002 साली जगभरच्या 61 अभ्यासांतल्या दहा लाख माणसांचे आकडे एकत्र केले गेले. चाळिशी ते सत्तरीच्या दरम्यान वरचा आकडा 20 नं वाढला की पक्षाघातानं किंवा हृदयविकारानं मरण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असं त्यांत दिसलं. ही वाढ 115 पासूनच सुरू होते.

पण धोका आहे हे कळणं एक, आणि गोळीनं तो टळतो हे सिद्ध होणं दुसरं. दुसरी गोष्ट 1967 साली झाली. एडवर्ड फ्रीस यांनी अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत 143 पुरुष निवडले. खालचा आकडा 115 ते 129, म्हणजे भलताच जास्त. निम्म्यांना खऱ्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ, म्हणजे औषध नसलेल्या गोळ्या. पोकळ गोळ्यांच्या गटात 27 जणांवर गंभीर प्रसंग ओढवले आणि चौघं गेले. खऱ्या गोळ्यांच्या गटात असे प्रसंग फक्त दोन, मृत्यू एकही नाही. इतका फरक पाहिल्यावर अभ्यास पुढे चालवायची गरजच उरली नाही.

या अभ्यासातला एक बारकावा मला विसरता येत नाही. निवड करण्याआधी फ्रीस यांच्या मंडळींनी प्रत्येकाला काही काळ बिनऔषधाच्या गोळ्या दिल्या, त्यांत बी-टू जीवनसत्त्व मिसळलं होतं. हे जीवनसत्त्व लघवीतून बाहेर पडतं आणि जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) दिव्याखाली पिवळंहिरवं चमकतं. म्हणजे माणूस गोळी घेतो की फेकतो, ते दिव्याखाली कळायचं. शिवाय परत आणलेल्या गोळ्या ते मोजायचे. जे चुकवत होते त्यांना अभ्यासात घेतलं नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते. 1967 च्या कितीतरी आधी त्यांना माहीत होतं की ज्याला काही होत नाही तो माणूस गोळी घेईलच असं नाही, आणि म्हणून मोजावं लागतं.

त्या खऱ्या गोळ्यांत तीन औषधं होती. त्यांतलं एक, रेसर्पिन, सर्पगंधेच्या मुळीतलं. हे झाड आपल्याच देशातलं. 1931 साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा प्रेशरवरचा गुण लिहून ठेवला, आणि 1949 मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रुग्णांवरचा अनुभव विलायतेतल्या हृदयरोगाच्या मासिकात छापला, तेव्हा कुठे जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. रेसर्पिननं मन खिन्न होण्याच्या तक्रारी येत, म्हणून आता ते क्वचितच लिहून दिलं जातं. पण कुणी मला "झाडपाल्याचं काही नाही का?" असं विचारलं की मी ही हकिगत सांगते. झाडपाला होता, तो तपासला गेला, मात्रा ठरली, दोष कळले आणि मग त्याहून चांगलं औषध सापडलं. तीच मुळी आज घरी उकळून प्यायची नाही, हेही सांगते, कारण मात्रा हातात राहत नाही.

आता "आत नेमकं काय होतं?" हा तुमचा दुसरा प्रश्न, काका. रक्तवाहिनी म्हणजे नळी अशी आपली समजूत असते. पण ती नळी जिवंत आहे. तिच्या आत पेशींचा एकच पातळ थर असतो. 1980 पर्यंत बहुतेकांना वाटायचं की हा थर म्हणजे नुसतं अस्तर. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्या कापून त्यांच्यावर औषधं टाकून पाहत होते. एक औषध शरीरात वाहिन्या सैल करतं, पण त्यांच्या पट्ट्या मात्र त्यानं आवळत. वर्षानुवर्षं हे कोडं सुटलं नव्हतं. मग एका प्रयोगात पट्टी अचानक सैल पडली. शोधता शोधता कळलं की पट्टी कापताना तिची आतली बाजू कशाला तरी घासली जायची आणि तो पातळ थर निघून जायचा. थर शाबूत असला की वाहिनी सैल पडते, थर गेला की नाही. वाहिनीला "सैल हो" असा निरोप देणारा हा थरच आहे, आणि तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नावाचा साधा वायू. फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद या तिघांना त्यासाठी 1998 चं नोबेल मिळालं.

वाढलेला दाब, साखर, तंबाखू, सगळी आधी या थरावर येतात. निरोप कमी पोचतात, वाहिनी आवळलेली राहते. मग जास्त दाब सोसायला तिची भिंत जाड होते, आतली वाट अरुंद होते, त्यानं दाब आणखी वाढतो. मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्यांत हे चालतं, मेंदूत चालतं, डोळ्याच्या पडद्यावर चालतं. डोळ्याचे डॉक्टर बाहुली मोठी करून आत बघतात तेव्हा त्यांना या वाहिन्या जिवंतपणी समोर दिसतात. या सगळ्यात दुखण्याची नस कुठेच नाही, म्हणून त्रास नाही. गोव्यात तर प्रेशरच्या जोडीला साखरही आहे: 2023 साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त गोव्यातच निघालं, 26.4 टक्के.

जन्मभर का, याचं उत्तर यातच आहे. गोळी वाहिनीला सैल ठेवते किंवा मूत्रपिंडातून जादा मीठ-पाणी काढते, पण जोवर ती पोटात आहे तोवरच. आकडा 130 झाला म्हणजे दुखणं गेलं असं नाही, गोळी काम करते आहे असं. वजन उतरलं, दारू सुटली, मीठ कमी झालं तर काहींची मात्रा कमी होते, कुणाची गोळी बंदही होते. ते डॉक्टरांनी आकडे पाहून ठरवायचं, आपण फळीवर डब्यामागे नाही.

मिठाचं बोलायलाच हवं. पावसाळ्यापूर्वीच्या पुरुमेंतात, म्हणजे बेगमीत, आपण काय काय भरतो: खारे बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी), मिठात घातलेली तोरं (कैऱ्या), लोणचं. अकराच्या पेजेबरोबर यातलं काहीतरी लागतंच. पेडण्याकडच्या आगरवाड्याच्या मिठागरांवर वाढलेल्या माणसांना मी मीठ सोडा असं कोणत्या तोंडानं सांगू? सोडायचं नाहीच, पण जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे सगळं मिळून एक सपाट चहाचा चमचा. पेजेत मीठ, सुक्या मासळीच्या किसमुरीत मीठ, वर खारं, हा चमचा दुपारपर्यंतच संपतो. चीनमध्ये 600 खेड्यांत जवळजवळ 21,000 माणसांवर एक प्रयोग झाला, 2021 मध्ये निकाल आला. निम्म्या खेड्यांत नेहमीच्या मिठाऐवजी पाव भाग पोटॅशियमचं मीठ घातलेलं मिश्रण दिलं. तेवढ्यानं पक्षाघात 14 टक्क्यांनी कमी झाले. असं मीठ आता आपल्याकडेही मिळतं, पण मूत्रपिंडाचं दुखणं असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी प्रेशरची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, रक्तातलं पोटॅशियम चढतं.

आणि पाय सुजले तर सांगा. एवढंच बाबांनी सांगितलं असतं तर गोळी बदलता आली असती. अम्लोडिपिन या प्रेशरच्या गोळीनं काहींचे घोटे सुजतात, नेहमीचं आहे. रॅमिप्रिल या दुसऱ्या गोळीनं काहींना कोरडा खोकला लागतो. त्या घराण्यातल्या गोळ्यांचा माग ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषापर्यंत जातो. 1960 च्या दशकात सेर्जिओ फेरेरा यांनी दाखवलं की ते विष शरीरातल्या ब्रॅडिकायनिन नावाच्या, वाहिन्या सैल करणाऱ्या द्रव्याचा जोर वाढवतं. त्या धाग्यावरून 1981 मध्ये या घराण्यातलं पहिलं औषध, कॅप्टोप्रिल, बाजारात आलं. खोकलाही बहुधा त्याच द्रव्यामुळे येतो. खोकला आला तर टेल्मिसार्टनच्या, म्हणजे सार्टन घराण्यातली गोळी आहे. पर्याय चार-पाच आहेत, आणि बहुतेक दिवसाला काही रुपयांत मिळतात.

तुम्ही आलात त्या दिवशी मी तुमच्याकडे जुनी पट्टी मागितली आणि तुम्ही जरा बिचकलात. मी सगळ्यांकडेच मागते. वाटलं नाही तरी द्या. महिन्याच्या शेवटी चार-पाच गोळ्या उरल्या असतील तर मी रागावत नाही, कधी राहिल्या ते विचारते. सकाळी पूजेच्या गडबडीत राहतात की रात्री, प्रवासात की संकष्टीला, त्यावरून वेळ बदलून घेता येते. तुमच्या पट्टीत तीन होत्या. परवा सोमवारी याल तेव्हा घेऊन या.